सावनेर ते मालवण : पाण्याखालची सहल

सावनेरहून समुद्र फार दूर. तरी यंदा मुलींना मालवणला स्कूबा दाखवायचे, तेही कर्ज न काढता, असे आम्ही ठरवले आहे. पैसा जास्त जातो तो प्रवासात आणि मुक्कामात. म्हणून नागपूर-मडगाव रेल्वेच्या स्लीपरने कुडाळ, पुढे एसटी. पावसाळ्यात स्कूबा बंद, दिवाळी-नाताळात खोल्या महाग, म्हणून जानेवारी. पोहता येत नसले तरी चालते, प्रशिक्षक सोबत असतो. अंगभर पोशाख मिळेल का, हे आधीच विचारून घ्यावे. धाकटीला दमा आहे. डॉक्टरांनी नाही म्हटले. ती खूप रडली. तिच्यासाठी होडीने १६६४ साली पायाभरणी झालेला सिंधुदुर्ग किल्ला. काटकसर भाड्यात करावी, जिवाशी नको. प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र पाहूनच पैसे द्यावेत.