थोडी जनुकं, अगणित प्रतिपिंडं

नाशिक रोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये 1928 पासून नोटा छापल्या जातात. नोटेच्या क्रमांकात शेवटी सहा अंकांच्या जागा असतात. प्रत्येक जागी शून्य ते नऊ यांतला एक अंक, तरी तेवढ्यातून दहा लाख निरनिराळे क्रमांक जुळतात. त्यासाठी दहा लाख ठसे लागत नाहीत. शरीर प्रतिपिंडांची विविधता बरीचशी याच हिशेबाने साधतं. हे उमगायला विज्ञानाला इतका काळ लागला, त्यामागे पुराव्याच्या उणिवेइतकंच एका न तपासलेल्या गृहीतकाचं ओझं होतं, असं मला वाटतं.

पॉल एर्लिख यांनी 1900 च्या सुमारास मांडलं, की विषाला चिकटणारे रेणू पेशीवर आधीपासूनच असतात. पण निसर्गात कधीही नसलेल्या, प्रयोगशाळेत घडवलेल्या रसायनांविरुद्धही प्रतिपिंडं तयार होतात, हे कार्ल लँडस्टायनर यांनी दाखवलं. त्यांची तयारी आधीपासून कशी असेल? म्हणून लायनस पॉलिंग यांनी 1940 मध्ये सुचवलं, की एकच प्रथिन समोरच्या रेणूभोवती हवा तसा आकार घेतं. पुढे प्रथिनाचा आकार त्याच्या अमिनो आम्लांच्या क्रमावरून ठरतो हे सिद्ध झालं आणि हा मार्ग मिटला. 1957 मध्ये मॅकफार्लेन बर्नेट यांनी निवडीची कल्पना मांडली: प्रत्येक पेशीत एकच प्रतिपिंड तयार असतं, जंतू फक्त त्या पेशीची वाढ घडवतो. मग इतकी जनुकं येतात कुठून? एक पक्ष म्हणे, सगळी वारशाने. दुसरा म्हणे, मोजकी वारशाने आणि बाकीची आयुष्यात घडणाऱ्या उत्परिवर्तनांतून. जनुक गर्भावस्थेपासून अखंड राहतं, हे मात्र दोघांनीही धरून चाललं होतं.

प्रतिपिंडाच्या साखळीचा एक भाग स्थिर आणि दुसरा बदलता असतो. हे पाहून विल्यम ड्रायर आणि क्लॉड बेनेट यांनी 1965 मध्ये म्हटलं, की दोन वेगळी जनुकं पेशीत जोडली जात असावीत. हा तेव्हा निव्वळ तर्क होता, हा आक्षेप खरा आहे; पण तो तपासता येण्याजोगा तर्क होता. 1976 मध्ये होझुमी आणि सुसुमु तोनेगावा यांनी उंदराच्या गर्भातला आणि प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशीतला डीएनए ताडून पाहिला: गर्भात दूर असलेले जनुकाचे तुकडे पेशीत जवळ आले होते, म्हणजे जनुक अखंड राहत नव्हतं. अशा तुकड्यांच्या नुसत्या जुळण्या पुरतील का, हा दुसरा आक्षेप. माणसात त्यांतून सुमारे 18 लाख प्रकारच होतात. उरलेली विविधता जोडांतल्या फेरफारांतून आणि उत्परिवर्तनांतून येते. म्हणजे वारसा आणि उत्परिवर्तन, दोन्ही पक्षांचं म्हणणं अंशतः खरं ठरलं. तुल्यबळ वाद वर्षानुवर्षं सुटत नसेल, तर दोन्ही बाजूंनी न बोलता मान्य केलेलं विधान आधी तपासावं, हे या इतिहासाने मला पटवलं आहे.