हातावर हात

आयर्लंड म्हटले की आपल्याला क्रमिक पुस्तकातला १८४५ चा बटाट्याचा दुष्काळ आठवतो. तिथला शेतकरी गाय विकताना काय करी, हे कोणी सांगत नाही. मला तेच वाचायला मिळाले, आणि वाचताना सारखा आमचा बैलबाजार डोळ्यांपुढे येत राहिला.

तिथला गुरांचा बाजार गावच्या रस्त्यातच भरे. गुरे दुकानांच्या दारात उभी. विकणारा चढी किंमत सांगे, घेणारा पाठ फिरवून चालू लागे. मग मधला माणूस धावत जाऊन त्याला ओढून आणी, 'फरक निम्मा-निम्मा करा' म्हणे आणि दोघांचे हात जबरदस्तीने एकमेकांत देई. तळहातावर थुंकून टाळी दिली की सौदा पक्का. कागद नाही, सही नाही. पैसे घेतल्यावर विकणारा त्यातले थोडे परत देई, त्याला 'लक पेनी' म्हणत. आमच्याकडे दलाल रुमालाखाली बोटे दाबून भाव करतात. तिथे सारे चारचौघांत! (थुंकण्याचे मात्र मला अजून पटलेले नाही.)

घरात रोख पैसा क्वचितच. डुक्कर विकून जमिनीचा खंड भरायचा. अंडी-लोणी बायकांचे, ते दुकानात देऊन चहा, साखर, तंबाखू आणायची. कमी पडले तर दुकानदार वहीत मांडून ठेवी. जो व्याजावर गबर होई तो 'गोंबीन मॅन'. डोनेगलमध्ये मोजे विणणाऱ्या बायकांना मजुरीसुद्धा चहा-साखरेत मिळे, आणि भाव दुकानदाराचा! १९०६ साली डनलो गावी पॅट्रिक गॅलगरने सहकारी संस्था काढली, ती या जाचापायीच.

हा गॅलगर लहानपणी स्ट्रॅबेनच्या मजूर-बाजारात उभा राहिलेला. मे आणि नोव्हेंबरात तो भरे. पोरे बोचके घेऊन उभी राहत, शेतकरी त्यांचे दंड चाचपून बघत, आणि सहा महिन्यांचा सौदा होई.

इथे मी पुस्तक मिटले. माझे वडील अकरा वर्षे सालगडी होते. पाडवा म्हटला की मला गुढीपेक्षा 'यंदा साल कुणाकडं?' ही बोलणीच आठवतात. कॉलेजात वडिलांचा धंदा कोणी विचारला, तर आजवर मी नुसते 'शेती' म्हणत आलो.

सुट्टीत अण्णांना हे सारे सांगितले. त्यांनी बिडी विझवली.

"जेवण?"

"मालकाकडंच."

"अन् बोली सहाच महिन्यांची?"

"हो."

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजी त्यांच्यात पाडवा वर्षातनं दोनदा यायचा."