गोळी उतरवताना

प्रॅमिपेक्सोल सुरू करण्याइतकं सोपं काम आमच्या मेंदूविकाराच्या ओपीडीत दुसरं नाही. कित्येक वर्षं रात्री घरभर येरझाऱ्या घालणारं माणूस समोर येऊन बसतं. पोटऱ्यांच्या आत काहीतरी वळवळतं, उठून चाललं की थांबतं, टेकलं की पुन्हा सुरू, दिवसा काही नसतं, असं सांगतं. रेस्टलेस लेग्जच्या निदानाला एवढं पुरतं. झोपेच्या दोनेक तास आधी ०.१२५ मिलिग्रॅमची बारीक गोळी लिहायची, आणि दोन दिवसांत फोन येतो, "डॉक्टर, काल झोप लागली."

त्या फोनची मला चटक होती. आमच्या शाखेत असे फोन फार येत नाहीत. अर्धांगवायूचा रुग्ण महिनोन् महिने खपून चमचा धरायला शिकतो, पार्किन्सनचा माणूस आहे तेवढं टिकवण्यासाठी झगडत असतो. रेस्टलेस लेग्जचा रुग्ण मात्र एका रात्रीत बरा. मिरजेच्या मार्केटात कुणीतरी भर गर्दीत वाकून नमस्कार करायचं, बरोबरच्या नातेवाइकांना सांगायचं, "ह्यांनीच माझी झोप परत दिली." मला ते आवडायचं. अजूनही आवडतं.

हातातलं काम बदललं ते माझ्या दवाखान्यात नव्यानं डीएम झालेली एक डॉक्टर येऊ लागली तेव्हापासून. ती प्रॅमिपेक्सोल लिहीतच नाही. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनची नवी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध झाली. प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल, लेव्होडोपा ही औषधं सरसकट वापरू नका, आधी लोह तपासा, मग गॅबापेन्टिन किंवा प्रीगॅबालिन, असा त्यांचा सूर आहे. तिच्या पिढीला हे वेगळं शिकावं लागलं नाही. ती रुग्णाला आधी विचारते, जेवणाबरोबर चहा घेता का, पाळीला किती जातं, रक्तदान करता का, ॲसिडिटीची गोळी किती वर्षं चालू आहे, सर्दीसाठी किंवा झोपेसाठी काही घेता का. मग सकाळी उपाशीपोटी रक्त काढून फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन. तिला फोन येत नाहीत. तिचा रुग्ण दीड-दोन महिन्यांत हळूहळू झोपायला लागतो, आणि इतक्या सावकाश बरं झालेल्या माणसाला आभार मानायचं सुचत नाही. तिला त्याचं काहीच वाटत नाही. मला तिचा हेवा वाटतो तो ह्याचा.

माझ्या वाट्याला आता दुसरं काम आलं आहे. आधीच गोळीवर असलेल्यांची गोळी उतरवायची. त्यांतले काही माझे, बरेच इकडून तिकडून आलेले.

ज्यांनी हे केलंय त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. पहिली दोन-तीन वर्षं सोन्यासारखी जातात. मग रात्री दहाला सुरू होणारी वळवळ सातला येते, पुढं चारला. पायांतली हातांत चढते. पूर्वी तासभर बसता यायचं, आता पाच मिनिटं. माणूस म्हणतो, औषध कमी पडतंय. डोस वाढवला की चार महिने पुन्हा बरे जातात आणि मग दुपारी दोनला सुरू होतं. ऊसतोडीच्या टोळीनं मुकादमाकडून घेतलेल्या उचलीसारखं आहे हे, फेडायला नवी उचल. ह्याला ऑगमेंटेशन म्हणतात. जॉन्स हॉपकिन्सच्या ॲलन आणि अर्ली यांनी १९९६ साली लेव्होडोपा घेणाऱ्यांमध्ये ते नोंदवलं. म्हणजे पुढं २००५ मध्ये रोपिनिरोलला आणि २००६ मध्ये प्रॅमिपेक्सोलला अमेरिकेत ह्या आजारासाठी परवानगी मिळाली, तेव्हा धोक्याची खूण लिहून ठेवलेली होती. नव्या गोळ्यांत ते कमी होतं असं सगळ्यांना वाटलं. कमी होतं म्हणजे उशिरा होतं.

रुग्ण जास्त मागतो आणि त्याला कमी द्यायचं असतं. सगळी अडचण एवढीच आहे, आणि इतक्या वर्षांनंतरही तिच्यापुढं मी दरवेळी नव्यानं उभा राहतो. सांगलीचे एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे येतात. नाटकाचं वेड. भावे नाट्यमंदिरात तिकीट खुर्चीचं काढतात आणि प्रयोग मागच्या भिंतीशी उभं राहून बघतात, कारण बसवत नाही. पहिल्यांदा आले तेव्हा प्रॅमिपेक्सोलचा डोस दिवसाला दीड मिलिग्रॅम होता, ह्या आजारात अर्ध्याच्या पुढं जाऊ नये असं म्हणतात त्याच्या तिप्पट. शिवाय त्यांच्या पत्नीनं, सर बाहेर गेल्यावर, हलक्या आवाजात सांगितलं की हल्ली लॉटरीची तिकिटं फार घेतात. ह्या औषधानं असं होतं. जुगार, खरेदी, खाणं, कशाचा तरी ताबा सुटतो, आणि घरच्यांना वाटतं म्हातारपणी बुद्धी फिरली. ते ऐकल्यावर त्या बाईंचा चेहरा सैल झाला. नवरा लबाड नाही, हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

उतरवायचं कसं? आधी लोह भरायचं. मग गॅबापेन्टिन किंवा प्रीगॅबालिन चढवून काही आठवडे स्थिर करायचं, मूत्रपिंड बघून, तोल जाणाऱ्या वृद्धात फार जपून. त्यानंतर प्रॅमिपेक्सोल पायरी-पायरीनं खाली. वरच्या पायऱ्या निघतात. शेवटची ०.१२५ ची निघत नाही. ती बंद केल्यावरच्या काही रात्री माणूस जवळजवळ झोपत नाही. चिंता वाढते, मन खचतं, कुणी रडतं. लहान डोसात ओपिऑइडचा आधार घ्यावा लागतो, आणि तो लिहिताना आपलाही हात थबकतो. मी आता तारीख ठरवताना घरचं कॅलेंडर मागवतो. लग्नसराईत नाही, कारखान्याचा हंगाम चालू असताना नाही, घरात जागायला कुणी नसेल तर नाहीच. रुग्णाला स्पष्ट सांगतो, ह्या दोन आठवड्यांत तुम्ही मला शिव्या द्याल. सरांनी दिल्या नाहीत. तिसऱ्या रात्री फोन करून एवढंच म्हणाले, "तुम्ही सांगितलं होतं तितकं वाईट आहे."

लोहाबद्दल मला राग येतो, आणि तो लपवायचं कारण नाही. एकबोम या स्वीडिश डॉक्टरानं १९४५ मध्ये ह्या आजारावर प्रबंध लिहिला, आणि १९५३ मध्ये त्याच देशात नॉर्डलांडर यांनी शिरेतून लोह देऊन रुग्णांना आराम पडल्याचं नोंदवलं. मग कित्येक दशकं ते बाजूला पडलं. आपल्याकडे आजही बाई पाय धरून येते आणि कॅल्शियम घेऊन जाते. नाहीतर बी-१२ चं इंजेक्शन, शक्तीचं सलाईन. झोप येत नाही म्हणून सर्दीची गुंगी आणणारी गोळी देतात, जिनं हा आजार बळावतो. उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड, नैराश्यावरच्या काही गोळ्या, त्यांनीही तसंच. लोह लिहिलंच तर कॅल्शियमबरोबर एकाच वेळी, वर चहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला, आणि त्याच बायकांना रात्री पाय चेपून मागितले की "मनाचं आहे" म्हणून ऐकावं लागतं.

दुसरा घोळ "नॉर्मल" रिपोर्टाचा. हिमोग्लोबिन तेरा असलं की विषय संपला असं मानणारे चांगले फिजिशियनही मला माहीत आहेत. कमतरता मेंदूत असते. रक्तात लोह पुरेसं दिसत असताना मेंदूतल्या सबस्टॅन्शिया नायग्रात ते कमी असू शकतं. लॅबच्या कागदावर फेरिटिन वीस असलं तरी शेजारी तारा नसतो. आम्ही ह्या आजारात ७५ किंवा त्याखाली फेरिटिन असलं, किंवा सॅच्युरेशन वीस टक्क्यांच्या आत असलं, की लोह देतो. ७५ ते १०० च्या मध्ये तोंडानं दिलेलं फारसं शोषलं जात नाही, तिथं शिरेतून. कुठं सूज किंवा संसर्ग असला की फेरिटिन खोटं वर दिसतं, म्हणून सॅच्युरेशन सोडायचं नाही. तोंडानं द्यायचं तर एक दिवसाआड, रिकाम्या पोटी, लिंबाच्या सरबताबरोबर. शिरेतून फेरिक कार्बोक्सिमाल्टोज द्यायचं तर रुग्णाला आधीच सांगायचं की आज सलाईन लावलं म्हणून आज झोप येणार नाही, महिना-दोन महिने लागतील. हे न सांगितल्यानं किती माणसं पुन्हा त्या बारीक गोळीकडे जातात!

माझं आणि त्या डॉक्टरबाईंचं एका बाबतीत अजून जमलेलं नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक शेतकरी काका वर्षानुवर्षं ०.१२५ वर आहेत. डोस वाढलेला नाही, वेळ अलीकडे सरकलेली नाही, रात्री झोपतात, पहाटे मळ्यात जातात. ती म्हणते, "सर, आत्ता सोपं आहे, काढू या. ऐंशीनंतर जमणार नाही." मला वाटतं, जे बिघडलेलं नाही त्याला हात लावून ह्या वयात त्यांना पंधरा रात्री जागवायचा मला काय अधिकार? पण हे मी त्यांच्यासाठी म्हणतो की माझ्या गोळीसाठी, हे मला नीट सांगता येत नाही, आणि तिनं तसं विचारलंही. काकांचं फेरिटिन ४१ आलं आहे. लोह द्यायचं ह्यावर दोघांचं एकमत झालं, पुढच्या आठवड्यात त्यांना बोलावलंय. दोन महिन्यांनी रिपोर्ट पुन्हा करू. तोवर गोळी आहे तिथंच राहील, आणि त्यांच्या मुलाला मी वही दिली आहे, पायांची वेळ रोज लिहायला.