सुकाणूवरचा आराम

भंडारा, 9 जून

चि. रेवती,

तुझं पत्र पोचलं. खवळलेल्या समुद्रात सुकाणू कुणाच्या हाती दिलं नाहीस, अंगावर सुका धागा उरला नाही, घोटभर पाणीही प्यायली नाहीस, हे ज्या तोऱ्यात लिहिलंस त्या तोऱ्याचीच मला धास्ती वाटली. वर पुन्हा, ‘आराम हवा त्याने घरी बसावं’! बये, सुकाणूवरचा आराम म्हणजे चोचले नव्हेत. नौका सुखरूप राहण्याचाच तो एक भाग आहे, आणि तो दंडाच्या जोरावर मिळत नाही, शिडं वेळेवर आवरून मिळतो.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा दाब चौपट होतो. पंधरा नॉटला मजेत चालणारी बोट तेवढ्याच शिडावर तीस नॉटला कलंडते, नाक वाऱ्याकडे वळवू पाहते आणि तो सगळा ओढा सुकाणूच्या दांड्यातून तुझ्या खांद्यात उतरतो. तू दातओठ खात दांडा ओढून धरतेस, तेव्हा पाण्यात तिरकं झालेलं सुकाणू बोटीलाच मागे खेचत असतं. वेळेवर रीफ घेतला, म्हणजे शीड आखडून लहान केलं, तर बोट सावरते, दांडा हलका होतो आणि वेगही पुष्कळदा फारसा उतरत नाही. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनची सागवानी ‘सुहैली’ आपल्या मुंबईत बांधलेली. 1968-69 मध्ये तिच्यातून एकट्याने, कुठेही न थांबता तो जगाला वळसा घालून आला. ऑस्ट्रेलियाच्या आसपास त्याची आपोआप सुकाणू सांभाळणारी यंत्रणा मोडली, तेव्हा त्याने शिडांचाच तोल असा साधला की नौका आपली वाट धरून चालत राहावी. रात्रंदिवस दांडा धरून बसला असता तर घरी पोचलाच नसता! भारतीय नौदलाच्या ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेवर 2017-18 मध्ये सहाजणी होत्या, त्याही पाळ्या लावूनच जग फिरल्या. सुकाणू दुसरीच्या हाती देण्यात कमीपणा कसला?

तू म्हणशील, कणखर माणूस थंडी-भूक सोसतोच. सोसतो, पण सोसताना त्याची अक्कल शाबूत राहते का? 1979 च्या फास्टनेट या शिडाच्या नौकांच्या शर्यतीत वादळाने पंधरा स्पर्धकांचा बळी घेतला. त्या वेळी चोवीस नौका सोडून दिल्या गेल्या आणि त्यांतल्या पाचच बुडाल्या. बाकीच्या नंतर तरंगताना सापडल्या. नौका सोडणाऱ्या त्या माणसांना मी भित्रं म्हणणार नाही. पण भिजून गारठलेल्या, थकलेल्या डोक्याला बोट कुठवर तग धरेल याचा अंदाज येणं कठीण, एवढं त्यावरून कळतं. आपल्याकडे मात्र हाल सोसण्यालाच कर्तबगारी म्हणायची खोड आहे. रात्रभर जागणारा तो अभ्यासू, उपाशीपोटी राबणारी ती गुणाची सून, तापात कामावर येणारा तो निष्ठावान. कामाची प्रत कुणी पाहत नाही, घामच मोजतात. तुझ्या पत्रातही मला तेच दिसलं, म्हणून एवढं लांबण लावतो आहे.

आता पवनीच्या धिवर कोळ्यांचं उदाहरण माझ्या तोंडावर मारू नकोस. ते कुठे जॅकेट घालतात, हे खरं. पण वादळी वारा सुटला, गोसीखुर्द धरणाच्या पाण्यावर आखूड, उभ्या लाटा उठू लागल्या की शहाणा धिवर डोंगा काठाला लावतो. तुला भर समुद्रात काठ कुठला? तेव्हा आतले कपडे कोरडे राहतील असा पोशाख, हातमोजे, खिशात गूळ-शेंगदाणे आणि थोड्या थोड्या वेळाने पाण्याचा घोट, यांची लाज धरू नकोस. वाऱ्याकडच्या बाजूला बस, पाय समोर घट्ट रोवून ठेव, गुडघे ताठ नकोत. मळमळू लागलं तर होकायंत्रात डोळे खुपसून बसू नकोस, क्षितिजाकडे पाहा. बोट हाताखाली जड लागली की आधी शिडाकडे बघ, दंड नंतर आजमाव.

हे सगळं तुला शिकवलंच असेल, तरी राहवत नाही. बोटीला अडकवून ठेवणाऱ्या सुरक्षा-पट्ट्याबद्दल तू एक अक्षर लिहिलेलं नाहीस. तो घालतेस ना? आणि त्याचा हूक कशात अडकवतेस, पक्क्या कडीत की हाताला येईल त्या दोरीत? बाकीच्या गप्पा राहू देत, याचं उत्तर आधी पाठव.

तुझा,
मामा