भाडेकरूचा रकाना

आमच्या गल्लीत कन्नड अर्ज भरण्याचे काम माझ्याकडे आहे. माझी शाळा मराठी माध्यमाची. कन्नड थोडे वर्गात शिकले, उरलेले खासबागेच्या बाजारात. त्यामुळे कोणाकडे कचेरीचा कागद आला की तो आधी माझ्यापुढे येतो.

गेल्या पावसाळ्यात मालकांनी सांगितले, "घर पाडून नवे बांधणार आहे, दिवाळीपर्यंत दुसरीकडे बघा." अकरा वर्षे आमचे बिऱ्हाड त्या दोन खोल्यांत होते. बाबा उद्यमबागेत फौंड्रीत कामाला आहेत. करार दर वेळी अकरा महिन्यांचा. अकराच का, ते मला कॉलेजात कळले. वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेकरार सरकारदरबारी नोंदवावा लागतो. बाबांना हे सांगितले तेव्हा ते हसून म्हणाले, "म्हणजे बारावा महिना कुणाचा गं?"

शेजारच्या काकूंनाही तीच मुदत मिळाली होती. आम्ही दोघींनी सरकारी घरासाठी अर्ज आणला. त्यात दोन शब्द होते : 'निवेशनरहित' आणि 'वसतिरहित'. काकू म्हणाल्या, "निवेदन तर आपण देतोयच की!" मी समजावले, कन्नडमध्ये निवेशन म्हणजे घर बांधायची जागा आणि वसति म्हणजे घर. जागा आहे पण घर नाही, त्याला बांधायला अनुदान. जागाही नाही, त्याने आधी जागेची वाट पाहायची. काकूंनी विचारले, "आणि भाड्यानं राहणाऱ्यानं खूण कुठं करायची?"

या प्रश्नाने मला वाचायला लावले. २०१५ साली शहरांसाठी प्रधानमंत्री आवास योजना आली. तिच्या चार वाटा होत्या : झोपडपट्टीच्या जागी पक्की घरे, कर्जाच्या व्याजात सवलत, भागीदारीतून स्वस्त घरे आणि स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख रुपये. चारही वाटा मालकीकडे जाणाऱ्या! २०२० च्या टाळेबंदीत हजारो मजूर पायी गावी निघाले, तेव्हा भाड्याच्या घराची आठवण झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या घरसंकुलांची योजना मंजूर झाली. तिचे प्रकार दोन. एकात सरकारी पैशाने बांधून रिकामी पडलेली घरे २५ वर्षांच्या कराराने भाड्याने द्यायची. दुसऱ्यात कारखाने, संस्था यांनी आपल्या मोकळ्या जागेवर बांधायची. पहिल्या प्रकारात भाडे स्थानिक संस्थेने ठरवायचे, दर दोन वर्षांनी फार तर आठ टक्के वाढवायचे. कामगारांबरोबर विद्यार्थीही त्यात बसतात. २०२४ मध्ये आवास योजनेचा दुसरा टप्पा आला, त्यात भाड्याच्या घरांना स्वतंत्र वाट मिळाली.

हे मी काकूंना सांगितले. त्या म्हणाल्या, "छान. आपल्याकडे कुठं आहे ते?" आम्ही ज्या कचेरीत विचारले, तिथे अशा घरांची यादी नव्हती.

वाणिज्य शाखेत आम्ही भाडे खर्चाच्या बाजूला लिहितो, घर मालमत्तेच्या. सरकारही बहुधा तसेच लिहिते. पण बाबांची पहिली पाळी सकाळी सातला असते. गावाबाहेर दूर फुकट जागा मिळाली तरी घर बांधायला शिल्लक हवी, रोजच्या बसला पैसे हवेत. त्यांना आज मालकी नको आहे. कामाजवळ, बारावा महिनाही आपला असेल असे भाड्याचे घर हवे आहे. माझी खानापूर तालुक्यातील मैत्रीण वसतिगृहात जागा न मिळाल्याने खोली घेऊन राहिली, तेव्हा तिला राज्याच्या विद्यासिरी योजनेतून महिना १५०० रुपये, दहा महिने मिळाले. घर नव्हे, राहण्या-जेवणाचा आधार. तेवढ्यावर तिचे वर्ष पार पडले. जे विद्यार्थिनीला जमते, ते फौंड्रीतल्या कामगाराला का जमू नये?

दिवाळीआधी आम्हाला वडगावात खोल्या मिळाल्या. भाडे दीड हजाराने जास्त, अनामत रकमेसाठी आईच्या पाटल्या गहाण. काकू मुलीकडे गेल्या. जाण्यापूर्वी त्यांचा अर्ज मीच भरला. 'निवेशनरहित'पुढे खूण केली आणि समासात कन्नडमध्ये एक शब्द लिहिला.

"काय लिहिलंस?" काकूंनी विचारले.

"बाडिगेदार. म्हणजे भाडेकरू."

"रकाना नाही ना त्याला?"

"नाही काकू. म्हणून समासात लिहिलंय."