उघड्या डोळ्यांचं ध्यान

वस्तुसंग्रहालयात शिरलं की माणसाला एक वेगळीच चाल लागते. रस्त्यावरची घाई तिच्यात नसते आणि बागेतला निवांतपणाही नसतो. दोन पावलं, काचेवर वाकणं, पाटीवरचं नाव-साल वाचणं, पुन्हा दोन पावलं. तिसऱ्या-चौथ्या दालनापर्यंत पाय भरून येतात आणि डोळे नुसतेच वस्तूंवरून सरकत राहतात. बॉस्टनच्या कलासंग्रहालयातल्या बेंजामिन गिल्मन यांनी १९१६ साली या थकव्यावर लेख लिहिला होता. कपाटातली एकेक वस्तू नीट दिसावी म्हणून माणसाला किती वाकावं लागतं, मान किती वळवावी लागते, हे त्यांनी छायाचित्रांतून दाखवलं. पुढे जेफ्री आणि लिसा स्मिथ यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात प्रेक्षकांचा वेळच मोजला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एका चित्रासमोरचा सरासरी वेळ निघाला सुमारे २७ सेकंद. निम्म्या वेळा तर माणूस १७ सेकंदांच्या आतच पुढे सरकलेला होता. एवढ्या वेळात चित्र कशाचं आहे ते कळतं. पाहणं मात्र अजून सुरूही झालेलं नसतं.

अलीकडे जगभरातल्या संग्रहालयांनी या धावत्या पाहण्याला लगाम घालायचं मनावर घेतलं आहे. कुठे शिल्पांच्या दालनात सतरंज्या अंथरून योगासनं होतात, कुठे दारं सर्वांसाठी उघडण्याआधी सकाळी शांत बसण्याची सोय असते, कुठे एखाद्या चित्रासमोर श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवतात. फिल टेरी यांनी २००८ साली न्यूयॉर्कच्या ज्यूइश म्युझियममध्ये मोजक्या चित्रांसमोर तासन्‌तास घालवून पाहिले. त्यातूनच ‘स्लो आर्ट डे’ हा उपक्रम उभा राहिला. वर्षातल्या एका दिवशी गावोगावच्या संग्रहालयांत लोक जमतात, थोड्याच कलाकृती निवडतात, प्रत्येकीसमोर दहा-दहा मिनिटं थांबतात आणि मग एकत्र बसून काय दिसलं ते बोलतात. कॅनडात माँट्रियलच्या कलासंग्रहालयाने आणि तिथल्या फ्रेंचभाषक डॉक्टरांच्या संघटनेने २०१८ मध्ये आणखी पुढचं पाऊल टाकलं. डॉक्टर आपल्या रुग्णाला संग्रहालयाची भेट लिहून देऊ लागले. चिठ्ठी दाखवली की रुग्णाला आणि सोबतच्या घरच्या माणसांना प्रवेश मोफत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेऊन कला आणि आरोग्य यांचं नातं मांडलं, त्यालाही आता काही वर्षं झाली.

हे सगळं वाचताना मला मुंबईतलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आठवतं. कुर्ल्याचा काळसर आणि मालाडचा पिवळसर दगड, वर विजापूरच्या गोल घुमटाची आठवण करून देणारा घुमट. जॉर्ज विटेट यांनी आखलेली ही इमारत १९१४ मध्ये बांधून झाली आणि संग्रहालय म्हणून लोकांसाठी उघडली ती १९२२ च्या जानेवारीत. मधल्या काळात पहिलं महायुद्ध चालू होतं, आणि ही वास्तू लष्करी इस्पितळ म्हणून वापरली गेली. आज जिथे मूर्ती आणि लघुचित्रं मांडली आहेत, त्याच छपराखाली कधीकाळी जखमी माणसं बरी होण्याची वाट पाहत पडली होती. कलेने माणूस बरा होतो का, हा प्रश्न कोणी विचारला की मला आधी ही गोष्ट सांगावीशी वाटते. या वास्तूने पहिली सेवा केली ती आजाऱ्यांची.

इथेच मीरपूरखासचे बुद्ध आहेत. सिंधमधल्या मीरपूरखासजवळ काहू-जो-दडो इथल्या विटांच्या स्तूपाचं उत्खनन १९०९-१० मध्ये हेन्री कझिन्स यांनी केलं, तेव्हा तिथे भाजलेल्या मातीच्या या मूर्ती मिळाल्या. साधारण पाचव्या शतकातल्या, स्तूपाच्या भिंतीतल्या कोनाड्यांत बसवलेल्या. सिंधच्या त्या सपाट मुलखात दगड दुर्मीळ, म्हणून कारागिरांनी नदीच्या गाळातूनच बुद्ध घडवला. तिथलीच एका पुरुषाची मूर्ती, हातात कमळ घेऊन उभी असलेली, तिच्या अंगावर जुन्या रंगाचे पुसट अंश अजून आहेत.

या बुद्धांपैकी ध्यानस्थ बसलेल्या एकासमोर थांबावं. पहिल्या मिनिटात दिसतो तो ओळखीचा आकार: मांडी, मांडीवर एकात एक ठेवलेले तळवे, खाली वळलेली नजर. सगळं माहीत असलेलं. पाय पुढे निघायला बघतात, मनात उरलेल्या कामांची यादी सुरू होते. तरीही थांबावं. थोड्या वेळाने माती दिसू लागते. तिचा विटकरी रंग सगळीकडे एकसारखा नाही, कुठे फिकट, कुठे भाजून गडद झालेला. दोन्ही खांद्यांवरून उतरणाऱ्या चीवराच्या चुण्या एकेक करून वेगळ्या होतात. ओली माती दाबताना त्या कारागिराच्या बोटाला किती जोर द्यावा लागला असेल, याचा अंदाज आपल्या बोटांना येतो. मग पापण्यांकडे लक्ष जातं. त्या पुऱ्या मिटलेल्या नाहीत, खाली झुकलेल्या आहेत. आणखी थोडा वेळ गेला की लक्षात येतं, आपले खांदे सैल झालेत आणि श्वास लांब झालाय. आपण त्यासाठी काहीच केलेलं नसतं. लक्ष एका जागी बसलं, शरीर आपोआप त्याच्या मागे गेलं.

आईच्या आजारपणात हे मला कळलं. इस्पितळात भेटायच्या वेळा ठरलेल्या, दोन वेळांच्या मधे घरी जाऊन यायला सवड नसायची. मी चालत इथे यायचे. घरी बसून डोळे मिटायचा सल्ला पुष्कळ जणांनी दिला होता, पण त्या दिवसांत डोळे मिटले की रिपोर्टचे आकडे दिसायचे आणि उद्याची भीती दिसायची. उघड्या डोळ्यांना धरून ठेवणारं काहीतरी हवं होतं. या मूर्तीने माझ्याकडून काही मागितलं नाही. सही मागितली नाही, निर्णय मागितला नाही, धीर धरायलाही सांगितलं नाही. पंधराशे वर्षं जुनी, एक संस्कृती गेलेली पाहिलेली, सिंधमधून मुंबईत आलेली ती माती नुसती समोर होती. तिच्यासमोरून उठून परत वॉर्डात गेले की आईच्या चेहऱ्याकडे मला पाहता यायचं. सलाइनच्या नळीकडे नव्हे, चेहऱ्याकडे. तिच्या भुवईजवळचा देवीचा व्रण, हसताना एकाच बाजूला पडणारी खळी, हे सारं त्या दिवसांत मी नव्याने पाहिलं. एका ठिकाणी लक्ष द्यायला शिकलेला डोळा दुसरीकडेही लक्ष देतो, असा माझा तेव्हापासूनचा विश्वास आहे.

याच वास्तूत जहांगीर निकल्सन यांचा आधुनिक भारतीय चित्रांचा संग्रह सांभाळला जातो. त्यात वासुदेव गायतोंडे यांची चित्रं आहेत. गोव्याकडच्या घरातले, १९२४ साली नागपुरात जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले, झेन विचाराकडे ओढलेले गायतोंडे वर्षाकाठी मोजकीच चित्रं करत. हात चालण्यापेक्षा मनात चित्र मुरण्यात त्यांचा वेळ जाई. रोलर आणि सुरीने रंगांचे पातळ थर चढवायचे, कागद दाबून काही रंग उचलून घ्यायचा, पुन्हा थर द्यायचा. जे चित्र घडायला एवढा काळ लागला, ते सतरा सेकंदांत कसं दिसावं? पहिल्या नजरेला एकच रंग वाटतो. वाट पाहणाऱ्याला त्याखालचा दुसरा दिसतो, मग त्या दोहोंमधला उजेड. इथे ओळखायला काही नाही, म्हणून सांगायलाही काही नाही. मीरपूरखासचा अनाम कुंभार आणि दिल्लीत निजामुद्दीनच्या खोलीत एकटे राहणारे गायतोंडे यांच्यात दीड हजार वर्षांचं अंतर आहे. दोघांनीही आपला सगळा जीव एका वस्तूत ओतला, आणि आपण थांबलो की त्यातलं थोडं आपल्या वाट्याला येतं.

म्हणून सतरंज्या, घंटानाद, श्वासाचे धडे यांचं मी स्वागतच करते. माणूस थांबायला शिकला पाहिजे, कुठल्याही दाराने शिको. पण त्यानंतर मूर्ती किंवा चित्र पाठीमागची शोभा होऊन राहता कामा नये. आसन संपल्यावर चटई गुंडाळावी आणि एकाच वस्तूपाशी जावं. आधी पाटी वाचू नये. मोबाइल पिशवीत असू द्यावा. वरून खाली, कडेपासून मध्यापर्यंत, सावकाश पाहावं. मन भटकलं तर त्याला न रागावता पुन्हा त्याच चुणीवर, त्याच रंगावर आणावं. पाटी वाचायची ती सगळ्यात शेवटी, कारण तोवर आपल्याला खरंच काहीतरी विचारायचं असतं.

आणि हे सुख महागड्या शिबिरांपुरतं राहू नये. आपल्या गावांत संग्रहालयं आहेत, त्यांतली दालनं दुपारी रिकामी असतात. इस्पितळांत रात्रपाळी करणाऱ्या परिचारिका, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची वर्षानुवर्षं शुश्रूषा करणाऱ्या सुना-लेकी, निवृत्तीनंतर घरात कोंडल्यासारखे झालेले आजोबा, परीक्षेच्या धास्तीने झोप उडालेली मुलं, यांच्यासाठी आठवड्यातली एक दुपार राखून ठेवायला काय हरकत आहे? दालनात चार जास्तीच्या खुर्च्या, बोलणारा नव्हे तर सोबत बसणारा एखादा मार्गदर्शक, आणि मोफत प्रवेश, एवढंच लागेल. माँट्रियलचे डॉक्टर जी चिठ्ठी लिहितात ती आपल्या डॉक्टरांनीही औषधांच्या खाली एका ओळीत लिहावी. ज्या इमारतीने कधीकाळी जखमींना खाटा दिल्या, तिला हे काम नवीन नाही.