गोष्ट तीच, कारण वेगळे

चित्रपटाची पुनर्निर्मिती पाहून निराश होणे हा अनुभव आता इतका सार्वत्रिक झाला आहे, की समीक्षेने त्याची दखल घ्यावी असे सहसा कोणाला वाटत नाही. 'मूळची सर याला नाही' हा अभिप्राय चित्रपटगृहाबाहेर पडता पडता दिला जातो आणि तेथेच संपतो. वस्तुतः या अभिप्रायात एक मूल्यनिर्णय दडलेला असतो. आपण दोन कलाकृतींची तुलना केलेली असते, त्यांपैकी एकीत काहीतरी उणे आहे असे ठरवलेले असते. परंतु ते उणे नेमके काय, हे मात्र सांगितलेले नसते. बहुधा 'मुळाशी इमान राखले नाही' असे ढोबळ कारण पुढे केले जाते. भाषांतराच्या चर्चेत इमानाची ही कसोटी केव्हाच अपुरी ठरली आहे. चित्रपटाच्या बाबतीत ती अद्याप निर्वेधपणे वावरते, याचे मला नवल वाटते.

इमान हीच कसोटी मानायची तर गस व्हॅन सँट यांचा १९९८ चा 'सायको' हा आदर्श ठरायला हवा होता. हिचकॉक यांच्या १९६० च्या चित्रपटाची ही जवळजवळ दृश्यागणिक केलेली नक्कल. जोसेफ स्टेफानो यांची पटकथा तीच, बर्नार्ड हरमन यांचे संगीत पुन्हा ध्वनिमुद्रित केलेले, कॅमेऱ्याचे कोनही बहुतांशी तेच. फरक रंगाचा, नटांचा आणि काही किरकोळ तपशिलांचा. मूळ चित्रपटातली नायिका चाळीस हजार डॉलर चोरते, ती येथे चार लाख चोरते. महागाईचा हा हिशेब अचूक असेल, पण प्रेक्षकाच्या मनातल्या बदलाचा हिशेब असा शून्य वाढवून होत नाही. १९६० साली चित्रपट सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडू नये, असा हिचकॉक यांचा आग्रह होता. जिच्यावर आपण सगळी भिस्त ठेवली ती नायिका अर्ध्यावरच मारली जाते, हा त्या चित्रपटाचा केवळ एक प्रसंग नव्हे. प्रेक्षक आणि कथा यांच्यातला अलिखित करारच तेथे मोडला जातो. १९९८ च्या प्रेक्षकाला तो करार मोडणार हे आधीपासून ठाऊक होते. म्हणून प्रत्येक चौकट जागच्या जागी असूनही ज्यासाठी त्या चौकटी रचल्या होत्या ते घडत नाही. बोर्हेस यांच्या १९३९ च्या कथेतला पिएर मेनार 'डॉन किहोते'ची काही पाने शब्दशः पुन्हा लिहितो आणि तरीही त्यांचा अर्थ बदलतो. बोर्हेस यांनी तो विनोद केला होता. व्हॅन सँट यांनी त्याचा प्रयोग करून दाखवला.

याच्या नेमके उलट उदाहरण फासबिंडर यांचे आहे. डग्लस सर्क यांच्या 'ऑल दॅट हेवन अलाउज' (१९५५) या चित्रपटात अमेरिकेतल्या एका सुखवस्तू गावातली विधवा तिच्याहून वयाने लहान असलेल्या माळीकाम करणाऱ्या पुरुषावर प्रेम करते आणि गाव व मुले तिच्या आड येतात. १९७४ साली फासबिंडर यांनी 'अली : फिअर ईट्स द सोल'मध्ये हे सूत्र घेतले, मात्र विधवा झाली म्युनिकमध्ये साफसफाईची कामे करणारी वृद्ध स्त्री, आणि पुरुष झाला मोरोक्कोहून आलेला स्थलांतरित कामगार. सर्क यांच्या चित्रपटात मुले आईला नाताळची भेट म्हणून दूरचित्रवाणी संच देतात. त्याच्या निर्जीव काचेत तिला स्वतःचाच एकाकी चेहरा दिसतो. फासबिंडर यांच्याकडे आईच्या लग्नाची वार्ता ऐकून मुलगा संचाच्या काचेवर लाथ घालतो. वस्तू तीच, कृती निराळी. सर्क यांच्या समाजात बहिष्कार सौजन्याच्या वेष्टनात येत होता. फासबिंडर यांच्या जर्मनीत त्याला वेष्टनाची गरज उरली नव्हती. येथे मुळातले फारसे काही शिल्लक नाही, तरी मूळ चित्रपटाचा अपमान झाला असे कोणी म्हणणार नाही. प्रेमाच्या आड काय येते आणि का येते, या प्रश्नाला त्यांनी आपल्या काळातले, आपल्या शहरातले आणि मुळाहून अधिक कठोर असे उत्तर शोधले.

मराठीला तर हा व्यवहार नवा नाही. आपल्या रंगभूमीचा मोठा भाग रूपांतरांवर पोसला गेला. गोविंद बल्लाळ देवलांच्या 'झुंझारराव'मागे 'ऑथेल्लो' आहे आणि पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी'मागे शॉ यांचे 'पिग्मॅलियन'. 'ती फुलराणी' उभी राहते ती लंडनच्या गल्लीतली मुलगी मराठी मुलखात आणून सोडल्यामुळे नव्हे. उच्चारावरून माणसाची पायरी ठरवणारी व्यवस्था शॉ यांच्या इंग्रजीत होती, तशीच ती आपल्या मराठीतही होती आणि पु. लं.ना ती नेमकी सापडली. रूपांतरकाराला कथानक आयते मिळते; कारण मात्र त्याला आपल्या मातीत स्वतः शोधावे लागते.

येथे 'कारण' हा शब्द मी काहीशा विशिष्ट अर्थाने वापरतो आहे. कथेत जे घडते ते कथानक. ते ज्या समाजरचनेमुळे अटळ होते ते कारण. कथानक सारांशात सांगता येते, कारण सांगता येत नाही. ते बोलीत, वस्तूंत, अंतरात, कोण कोणाला कसे हाक मारतो यात पसरलेले असते. पुनर्निर्मितीचे हक्क विकत घेताना कथानकाचे हक्क मिळतात. कारणाचे हक्क विकता येत नाहीत.

हे मला सर्वाधिक तीव्रतेने जाणवले ते 'सैराट' आणि 'धडक' यांच्या संदर्भात. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला आणि मराठी चित्रपटाच्या उत्पन्नाचे तोवरचे विक्रम त्याने मोडले. कन्नड, पंजाबी, ओडिया, बंगाली अशा भाषांत त्याच्या आवृत्त्या निघाल्या. शशांक खेतान दिग्दर्शित हिंदी 'धडक' २० जुलै २०१८ रोजी आला. पुढे अध्यापनाच्या निमित्ताने मी विद्यार्थ्यांना या कथेचा दहा वाक्यांत सारांश लिहायला सांगितला. काहींनी मराठी चित्रपट पाहिला होता, काहींनी केवळ हिंदी. पात्रांची आणि गावांची नावे झाकली तर कोणता सारांश कोणत्या चित्रपटाचा हे ओळखणे अवघड होते. बड्या घरची मुलगी, साध्या घरचा मुलगा, विरोध, पलायन, दूरच्या शहरातला संसार, मूल, समेटाचा आभास आणि हत्या. सारांश चुकीचे नव्हते. दोन्ही चित्रपटांतले अंतर सारांशात मावत नव्हते, एवढेच.

मग ते अंतर कोठे आहे? 'सैराट' करमाळ्याच्या परिसरात घडतो आणि तेथील बोलीत बोलतो. ही बोली रंग भरण्यासाठी वापरलेली नाही. नायक, नायिका, पाटील आणि मासेमारीवर जगणारे कुटुंब असे सगळेच तिच्यात बोलतात, आणि तरीही कोणाचा शब्द आज्ञा आहे व कोणाचा विनवणी, हे पहिल्या काही प्रसंगांतच उलगडते. विहिरीत मुले पोहत असतात. आर्ची येते आणि त्यांना बाहेर काढते. प्रसंग खेळकर आहे, प्रेक्षक हसतात. पण ज्या प्रांतात पाण्यावरच्या हक्कासाठी १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला, तेथे विहिरीच्या काठावर उभे राहून 'बाहेर या' म्हणण्याचा अधिकार कोठून येतो हे वेगळे सांगावे लागत नाही. वर्गात शिकवणाऱ्या लोखंडे सरांच्या कानशिलात पाटलांचा मुलगा लगावतो. त्या थपडेलाही असाच इतिहास आहे. 'धडक'मध्ये हे सगळे उदयपूरला जाते. तेथे पाणी आहे, पण ते पर्यटकाने पाहावे असे पाणी आहे. नायकाच्या घरचे उपाहारगृह आहे. नायिकेचे वडील राजकारणी आहेत. क्रिकेटच्या सामन्याऐवजी खाण्याची स्पर्धा येते. जातीचा उल्लेख ओझरता होतो आणि मागे पडतो. पुढे उरतात ते घराण्याचा मान, निवडणुकीचा हिशेब आणि एका बापाचा अहंकार. विरोधाला व्यक्ती सापडते, व्यवस्था हरवते.

याचा सर्वांत मोठा परिणाम नायिकेवर होतो. आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, कोणालाही दरडावते. तिचे हे धाडस अनेकांना स्त्रीमुक्तीचे चित्र वाटले, आणि ते काही अंशी तसे आहेही. परंतु चित्रपटाचा उत्तरार्ध त्या धाडसाचा उगम दाखवतो. हैदराबादच्या झोपडपट्टीत, जेथे 'पाटलांची मुलगी' या शब्दांना काही अर्थ नाही, तेथे ही मुलगी घाण वासाने, पाण्याच्या चणचणीने, परक्या भाषेने कोलमडते. तिचा निर्भयपणाही तिला जमिनीबरोबर वारशाने मिळालेला होता, हे मंजुळे एकही शब्द न उच्चारता सांगतात. त्यानंतर ती कारखान्यात काम करते, नवी भाषा शिकते, आणि जे धैर्य कमावते ते मात्र तिचे स्वतःचे असते. 'धडक'मधल्या पार्थवीचा हट्टीपणा हा तिचा स्वभाव आहे. स्वभावाला उगम दाखवावा लागत नाही आणि त्यामुळे त्याचे कोसळणेही अर्थपूर्ण होत नाही. कोलकात्यातले तिचे कष्ट हे केवळ कष्ट राहतात.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो रास्त आहे. 'सैराट'चा पूर्वार्ध तरी कोठे वास्तववादी आहे? संथ गतीतली दृश्ये, पाश्चात्त्य वाद्यवृंदाची साथ, गाण्यांमागून गाणी, हे सारे हिंदी प्रेमपटाचेच भांडवल आहे. तसे ते आहेच. 'एक दूजे के लिए' (१९८१) आणि 'कयामत से कयामत तक' (१९८८) यांनी रूढ केलेला, प्रेमिकांच्या मृत्यूने संपणारा रूपबंध मंजुळे जाणीवपूर्वक उसना घेतात. ज्या मुलाला त्या पडद्यावर कधी नायकाची जागा मिळाली नाही त्याला ते तेथे उभे करतात, आणि मग तो रूपबंध हळूहळू त्याच्या पायाखालून काढून घेतात. या अर्थी 'सैराट' हीच एक पुनर्निर्मिती आहे. हिंदी प्रेमपटाची तिने केलेली ती टीकाही आहे. 'धडक'ने हा उसना रूपबंध त्याच्या मूळ मालकाला परत केला, फक्त त्यात मध्यंतरी भरलेला आशय रिकामा करून. अजय-अतुल यांचे 'झिंगाट' दोन्हीकडे वाजते. एकीकडे पाटलांच्या घरच्या समारंभात गावातल्या पोरांना काही मिनिटांपुरती मिळालेली ती मुभा आहे. दुसरीकडे ते लोकप्रिय गाणे आहे.

शेवटाविषयी थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण तेथे 'धडक'ने बदल करण्याचे धाडस दाखवले आहे. 'सैराट'मध्ये आर्ची आणि परश्या दोघेही मारले जातात. शेजारीण लहानग्याला दारात सोडून जाते. तो आत जातो, पाहतो, आणि रडत बाहेर पडतो. ध्वनी नाहीसा झालेला असतो आणि फरशीवर रक्ताने भरलेली इवली पावले उमटत जातात. 'धडक'मध्ये मधुकर आणि मूल यांना इमारतीवरून खाली फेकले जाते. पार्थवी जिवंत राहते. निव्वळ क्रौर्याच्या मापाने पाहिले तर हा शेवट सौम्य नाही. मुलालाही मारण्यात वंशच संपवण्याची जी वृत्ती सूचित होते, ती विचार करायला लावणारी आहे. परंतु दुःखाला येथे धनी मिळतो. पार्थवीचा आक्रोश आपल्या वतीने शोक करतो, आणि अखेरीस पडद्यावर प्रतिष्ठेपायी होणाऱ्या हत्यांविषयीचा मजकूर येऊन आपल्या वतीने निष्कर्षही काढतो. 'सैराट'मध्ये शोक करायला कोणीच उरत नाही. ज्याला घडले ते कळणार नाही असे एक मूल आणि ज्यांना ते पुरते कळले आहे असे आपण, एवढेच शिल्लक राहतो. ते मूल दोन्ही जातींचे आहे आणि कोणत्याच जातीचे नाही. त्याचे पुढे काय, हा प्रश्न प्रेक्षकाकडे सोपवला जातो.

हिंदी चित्रपटाला जात पेलतच नाही, असा निष्कर्ष यातून काढणे घाईचे होईल. २०२५ साली शाझिया इक्बाल दिग्दर्शित 'धडक २' आला. मारी सेल्वराज यांच्या 'परियेरुम पेरुमाळ' (२०१८) या तमिळ चित्रपटाची ती पुनर्निर्मिती, आणि तिने जात हाच विषय मानला. पहिल्या 'धडक'मधला लोप ही भाषेची वा धंद्याची अपरिहार्यता नव्हती. ती एक निवड होती, हे या नावाच्या पुढच्या चित्रपटानेच दाखवून दिले.

म्हणून पुनर्निर्मितीची चर्चा इमान-बेइमानीच्या भाषेतून बाहेर काढून वाचनाच्या भाषेत आणावी, असे मला वाटते. प्रत्येक पुनर्निर्मिती हे मूळ संहितेचे एक वाचन असते. व्हॅन सँट यांनी अक्षरे वाचली, फासबिंडर यांनी प्रश्न वाचला, आणि 'धडक'ने गोष्ट वाचली. निराश करणारे वाचन समीक्षेला निरुपयोगी नसते. मोठ्या बाजारपेठेत नेताना कोणती गोष्ट ओझे म्हणून खाली टाकली गेली, याची ती नोंद असते. ज्या विद्यार्थ्यांना ही कथा प्रथम उदयपूरच्या वाटेने भेटली, त्यांच्यासाठी ती दोन घराण्यांतल्या मानापमानाची कथा आहे, आणि त्यांच्या आठवणीत ती तशीच राहण्याचा संभव आहे. दोन्ही चित्रपट शेजारी शेजारी ठेवून, एकात असलेले आणि दुसऱ्यात नसलेले काय ते दृश्यागणिक दाखवून देणे, हे काम अजून आपल्या वर्गांत पुरेसे होत नाही.